असिस्टेड लिव्हिंगचा कायदा अमेरिकेत प्रत्येक राज्यात वेगळा का? थोडी पार्श्वभूमी

फ्लोरिडातल्या एखाद्या असिस्टेड लिव्हिंगमध्ये, म्हणजे वृद्धांना रोजच्या कामात मदत मिळेल अशा राहण्याच्या जागेत, सकाळी औषधांच्या वेळी काय होतं ते बघा. नर्स नसलेली पण ट्रेनिंग घेतलेली मदतनीस औषधं घेऊन आजींच्या खोलीत येते, त्यांच्यासमोर लेबल वाचते, गोळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवते, हात फारच थरथरत असेल तर गोळी छोट्या कपात घालून तो कप ओठांपर्यंत न्यायला मदत करते. इथपर्यंत चालतं. इन्सुलिनचं भरलेलं पेनसुद्धा ती आणून देऊ शकते, पण टोचायचं मात्र आजींनी स्वतः, नाहीतर नर्सने. हे मी मनाचं सांगत नाहीये, राज्याच्या कायद्यात एकेक कृती अशी लिहिलेली आहे. तेच ओरेगनमध्ये नर्स त्या मदतनीसाला शिकवून, तपासून, इंजेक्शनचं काम तिच्यावर सोपवू शकते. आजी तशाच, आजार तोच, फक्त राज्य बदललं की त्याच जागी राहता येणार की नर्सिंग होममध्ये, म्हणजे सतत नर्सिंग लागणाऱ्यांच्या संस्थेत, जावं लागणार हेच बदलू शकतं.

आईवडिलांसाठी जागा शोधायला निघालेल्या माणसाला हा घोळ पहिल्याच आठवड्यात भेटतो. नर्सिंग होमसाठी निदान एक केंद्रीय नियमांची चौकट आहे, असिस्टेड लिव्हिंगसाठी तशी नाहीच, तिथे पन्नास राज्यांचे पन्नास कायदे. हे असं का झालं याचं माझ्या मते एका शब्दात उत्तर आहे, पैसा. केंद्राचा पैसा जिथे गेला तिथे केंद्राचे नियम गेले, बाकीचं राज्यांवर राहिलं, आणि राज्यं बहुतेक वेळा काहीतरी भयंकर घडल्यावरच हलली.

सुरुवात पुअरहाउसपासून करावी लागते. एकोणिसाव्या शतकात आणि नंतरही बरीच वर्षं, म्हातारपणी कोणी नसेल तर काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) पुअरहाउसमध्ये, निराधारांसाठीच्या सरकारी संस्थेत, जायचं, तिथे वृद्ध, आजारी, मनोरुग्ण, निराधार सगळे एकत्र. १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्याने गरीब वृद्धांना दरमहा मदत सुरू केली पण एक अट घातली, सरकारी संस्थेत राहणाऱ्याला ती मिळणार नाही. हेतू चांगला होता, पुअरहाउस बंद पडावीत. पण ज्यांना उठता बसता माणूस लागतो ते कुठे जाणार? ते हातातला चेक घेऊन खाजगी घरांमध्ये गेले, कोणी खोल्या भाड्याने देऊन जेवण घालणारी, कोणी थोडंफार नर्सिंग येणारी बाई. यातूनच पुढे नर्सिंग होमचा धंदा उभा राहिला, आणि बहुतेक ठिकाणी त्यावर कुणाचं लक्षच नव्हतं.

१९५० च्या दुरुस्तीने ही सरकारी संस्थांची अट सैल केली आणि सोबत सांगितलं की संस्थांमधल्या लोकांसाठी केंद्राचा पैसा हवा असेल तर राज्याने अशा संस्थांचे स्टँडर्ड ठरवणारी यंत्रणा उभी करायची. राज्यांच्या लायसन्सिंगला खरी गती इथून मिळाली. पण स्टँडर्ड किती कडक हे राज्यावरच सोडलं होतं, त्यामुळे काही ठिकाणी लायसन्स म्हणजे नुसता भिंतीवरचा कागद. १९५४ मध्ये हॉस्पिटल बांधकामासाठीचा हिल-बर्टन निधी नर्सिंग होमनाही मिळायला लागला, आणि मग ती हॉस्पिटलसारखीच बांधली गेली, लांब कॉरिडॉर, मधे नर्सचं टेबल, खोलीत दोन दोन खाटा. आजही कुठल्याही जुन्या नर्सिंग होममध्ये शिरलं की तोच नकाशा दिसतो.

मग आगी. फेब्रुवारी १९५७ मध्ये मिझुरी राज्यातल्या वॉरेनटन गावात एका नर्सिंग होमला आग लागून ७२ माणसं गेली, तिथे स्प्रिंकलर, म्हणजे आग लागली की आपोआप पाणी फवारणारे नळ, नव्हते. २३ नोव्हेंबर १९६३ ला, म्हणजे केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्याच दिवशी, ओहायोमधल्या फिचव्हिलमध्ये ६३ गेली, आणि देश त्या वेळी दुसऱ्याच दुःखात बुडालेला असल्यामुळे ही बातमी त्याखाली दबून गेली. जी माणसं खाटेवरून स्वतः उठू शकत नाहीत त्यांच्या खोलीत धूर भरतो तेव्हा काय होत असेल याचा विचारही करवत नाही. देशातल्या सगळ्या नर्सिंग होममध्ये स्प्रिंकलर बंधनकारक व्हायला मात्र ऑगस्ट २०१३ उजाडलं. वॉरेनटननंतर छप्पन वर्षं. आणि हा नियमसुद्धा मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी योजनांचे पैसे घेणाऱ्या नर्सिंग होमसाठी, असिस्टेड लिव्हिंगला तो लागूच नाही, तिथे पुन्हा राज्याचा फायर कोड.

१९६५ मध्ये मेडिकेअर आणि मेडिकेड आले. लोक अजून यात गोंधळतात म्हणून सांगते, मेडिकेअर ६५ नंतरचं आरोग्य कव्हर, ते दीर्घकाळ सांभाळायचे पैसे देत नाही, हॉस्पिटलनंतर नर्सिंगची किंवा थेरपीची गरज असेल तर ठराविक दिवस देतं. मेडिकेड हे गरिबांसाठी, केंद्र आणि राज्य मिळून चालवतात, आणि ते नर्सिंग होमचं पूर्ण बिल, राहणं जेवण धरून, भरतं. म्हणजे आयुष्यभराची बचत खर्च करून गरीब झालात की नर्सिंग होम मिळणार, पण घरी किंवा घरासारख्या जागी राहायला मदत तेव्हा जवळपास नव्हतीच. ही एक गोष्ट पुढच्या सगळ्या गुंत्याच्या मुळाशी आहे.

सत्तरच्या दशकात न्यू यॉर्कमध्ये नर्सिंग होममधले आर्थिक घोटाळे आणि हाल बाहेर आले, राज्याने खास सरकारी वकील नेमला. १९७८ पासून प्रत्येक राज्यात लाँग टर्म केअर ओम्बड्समन असायलाच हवा असं ठरलं, म्हणजे रहिवाशांच्या बाजूने तक्रार घेऊन जाणारा माणूस (ही सोय आजही मोफत आहे आणि वापरणारे फार कमी). शेवटी १९८७ मध्ये नर्सिंग होम रिफॉर्म कायदा झाला, त्यात शिस्त लावायला किंवा स्टाफच्या सोयीसाठी बांधून ठेवता येणार नाही, प्रत्येकाचा केअर प्लॅन हवा, नियमित तपासणी हवी, असे हक्क लिहिले गेले. चांगला कायदा. पण फक्त नर्सिंग होमसाठी.

याच काळात ओरेगनमध्ये वेगळंच काहीतरी चाललं होतं. केरन ब्राउन विल्सन कॉलेजात होत्या तेव्हा त्यांच्या आईला ५५ व्या वर्षी स्ट्रोक आला आणि पुढचं आयुष्य बरंचसं नर्सिंग होममध्ये गेलं. आईचं मागणं साधं होतं, स्वतःची छोटी जागा, छोटं किचन, बाथरूम, आपल्या वस्तू, आणि दाराला आतून लावता येईल असं कुलूप. विल्सन पुढे वृद्धत्वाच्या अभ्यासक झाल्या आणि १९८३ मध्ये पोर्टलंडमध्ये त्यांनी पार्क प्लेस सुरू केलं, ११२ युनिट, प्रत्येकाला दार, कुलूप आणि किचन, आणि मदत चोवीस तास. अशक्त माणसांना कुलूप दिलं तर ती आत पडतील, गॅस चालू ठेवतील, कोण जबाबदार, असे आक्षेप आलेच. राज्याने परवानगी दिली पण तिथल्या लोकांच्या तब्येतीवर लक्ष ठेवायला लावलं, आणि निकाल चांगले आले. १९८९ पर्यंत ओरेगनने असिस्टेड लिव्हिंगसाठी वेगळे नियमच केले, खाजगी अपार्टमेंट, लागणारं दार, स्वतःची बाथरूम.

आणखी एक योग जुळून आला. १९८१ मध्ये केंद्राने राज्यांना वेव्हरची सोय दिली, म्हणजे नर्सिंग होमऐवजी घरी किंवा अशा जागी काळजी दिली तरी मेडिकेडचा पैसा वापरता येईल, ओरेगनने ती सगळ्यात आधी घेतली. पण वेव्हरमध्ये राहण्या जेवण्याचा खर्च येत नाही, फक्त सेवेचा येतो, शिवाय जागा मोजक्या ठेवायची राज्यांना मुभा, म्हणून कित्येक ठिकाणी वेटिंग लिस्ट. त्यामुळे असिस्टेड लिव्हिंगमधले बहुतेक लोक आजही खिशातून पैसे भरतात.

नव्वदच्या दशकात मोठ्या कंपन्या आल्या आणि नाव सगळीकडे पोचलं, ओरेगनचे नियम मात्र नाही पोचले. कॅलिफोर्नियात कायद्यातलं नाव वेगळं, न्यू यॉर्कमध्ये अडल्ट होम, वॉशिंग्टन राज्यात २०१२ पर्यंत बोर्डिंग होम. टेक्सासमध्ये टाइप ए आणि टाइप बी असे प्रकार, आग लागली तर स्वतःहून बाहेर पडता येतं का हा त्यातला मुख्य फरक. पेन्सिल्वेनियाने २००७ च्या कायद्यात असिस्टेड लिव्हिंग आणि पर्सनल केअर होम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं ठरवलं, त्याआधी कुणीही कुठल्याही पाटीवर हे नाव लावत होतं. सिनेटच्या वृद्धांसाठीच्या समितीच्या सांगण्यावरून जवळपास ५० संघटना एकत्र बसल्या, २००३ मध्ये ११० शिफारशी दिल्या, न पटलेल्यांची वेगळी मतंही त्याच रिपोर्टमध्ये छापली गेली. केंद्राचा कायदा काही झाला नाही.

मग पुन्हा तेच, दुर्घटना आणि त्यामागून कायदा. ऑक्टोबर २०१३, कॅलिफोर्नियातलं कॅस्ट्रो व्हॅली. राज्याने एक केंद्र बंद करायचा आदेश दिला, पगार थकलेला स्टाफ एकेक करून निघून गेला, आणि डझनाहून जास्त वृद्ध रहिवासी आतच राहिले. थांबले ते फक्त दोघं, स्वयंपाकी आणि साफसफाई करणारा. त्या दोघांनी काही दिवस त्यांना खाऊ घातलं, धुतलं पुसलं, औषधं दिली, पगार नाही, ट्रेनिंग नाही. आदेश काढणाऱ्यांना रहिवासी कुठे जाणार हे बघायला हवं होतं, ते कुणी बघितलं नाही. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाने कायद्यांचा गठ्ठाच मंजूर केला, स्टाफ ट्रेनिंगचे तास वाढले, रहिवाशांच्या हक्कांची यादी आली, आणि दंड वाढला. त्याआधी रहिवाशाचा मृत्यू झाला तरी दंडाची कमाल १५० डॉलर होती, ती १५,००० पर्यंत नेली. १५० डॉलर! हा आकडा वाचून मला अजून राग येतो.

फ्लोरिडात सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा वादळानंतर हॉलीवूड शहरातल्या एका नर्सिंग होमचं एसी बंद पडलं आणि उकाड्याने १२ जणांचा जीव गेला, हॉस्पिटल तिथून रस्त्यापलीकडे होतं. पुढच्या वर्षी राज्याने नर्सिंग होमबरोबर असिस्टेड लिव्हिंगलाही बॅकअप पॉवर सक्तीची केली, वीज गेल्यावर ९६ तास तापमान ८१ डिग्री फॅरनहाइटच्या वर जाता कामा नये.

मिनेसोटाची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. तिथे असिस्टेड लिव्हिंगचं लायसन्सच नव्हतं. इमारतीची नुसती नोंदणी, आणि सेवा देणाऱ्याकडे होम केअरचं लायसन्स. म्हणजे कायद्याच्या नजरेत तुम्ही भाडेकरू आणि घरी येणारी मदत वेगळी, काही बिघडलं की दोघं एकमेकांकडे बोट दाखवणार. २०१७ मध्ये तिथल्या वर्तमानपत्राने छळाच्या आणि दुर्लक्षाच्या तक्रारी तपासाविना पडून राहतात हे मालिका लिहून दाखवलं, कुटुंबं विधानसभेत जाऊन बसली, २०१९ मध्ये कायदा झाला आणि १ ऑगस्ट २०२१ पासून लायसन्स लागू झालं, डिमेन्शिया केअरसाठी वेगळं. लायसन्स आणणारं हे शेवटचं राज्य, पार्क प्लेसनंतर ३८ वर्षांनी. २०१९ मध्येच खोलीत कॅमेरा बसवायचा हक्कही मंजूर झाला, जो टेक्सासने नर्सिंग होमसाठी २००१ मध्येच दिला होता.

कोविडमध्ये महिनोन्महिने भेटी बंद होत्या, माणसं एकटी गेली. त्यावर नोव्हेंबर २०२१ मध्ये टेक्सासच्या मतदारांनी थेट राज्यघटनेत दुरुस्ती करून प्रत्येक रहिवाशाला एक आवश्यक भेटकर्ता नेमायचा हक्क दिला, ज्याला अडवता येणार नाही.

पैशाचा प्रश्न तिथेच आहे. काही राज्यांत मुलांवर आईवडिलांच्या खर्चाची जबाबदारी टाकणारे जुने कायदे अजून पुस्तकात आहेत, त्यांचं मूळ इंग्लंडच्या १६०१ च्या पुअर लॉमध्ये. कुणी ते वापरत नाही असं वाटायचं, पण २०१२ मध्ये पेन्सिल्वेनियाच्या कोर्टाने एका मुलाला आईचं सुमारे ९३,००० डॉलरचं नर्सिंगचं बिल भरायला लावलं, आईचा मेडिकेडचा अर्ज अजून लटकलेला असताना. दुसऱ्या टोकाला वॉशिंग्टन राज्य, २०१९ च्या कायद्याने तिथे पगारातून ०.५८ टक्के कापून सार्वजनिक विमा सुरू केला, कपात जुलै २०२३ पासून, लाभ जुलै २०२६ पासून, आयुष्यभरात ३६,५०० डॉलरपर्यंत. २०२४ मध्ये ही कपात ऐच्छिक करायचा प्रस्ताव मतदानाला आला, म्हणजे योजना मोडीतच निघाली असती, पण लोकांनी तो फेटाळला.

आणि ते कुलूप. २०१४ च्या केंद्रीय नियमाने सांगितलं की वेव्हरचे पैसे घेणाऱ्या अशा निवासी जागेत राहणाऱ्याला आपलं दार लावता आलं पाहिजे, किल्ली फक्त गरजेच्या स्टाफकडे, खाणं हवं तेव्हा मिळालं पाहिजे, पाहुणे कधीही यायला हवेत. राज्यांना मुदत वाढवून वाढवून मार्च २०२३ पर्यंत दिली. विल्सनच्या आईने मागितलेली गोष्ट एवढ्या वर्षांनी केंद्राच्या नियमात आली, पण मेडिकेड न घेणाऱ्या, पूर्ण खिशातून पैसे भरायच्या जागी दाराला कुलूप असेल की नाही हे आजही तुमचं राज्य आणि तुमचं काँट्रॅक्टच ठरवतं.