आवाज येतो, पण चित्र काळं? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

"मालिका लावली की आवाज येतो, पडदा मात्र काळा" ही तक्रार घेऊन आमच्याकडे कॉम्प्युटर दुरुस्तीला येणारे बरेच जण दारातूनच "फॉरमॅट मारून द्या" म्हणतात. घाई करू नका. मशीन बहुधा ठणठणीत असतं. पैसे भरून घेतलेल्या सिनेमा-मालिकांना कॉपी होऊ नये म्हणून डीआरएमचं कुलूप असतं. ब्राउझरपासून मॉनिटरपर्यंत कुठेही एक कडी जुनी असली, की ते उघडत नाही.

आधी केबल बघा. निळ्या टोकाची, दोन बाजूंना स्क्रू असलेली असेल तर ती व्हीजीए. कॉम्प्युटर आणि मॉनिटर एकमेकांची ओळख पटवून घेतात ती एचडीसीपी पद्धत या केबलवर चालतच नाही. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टची सरळ केबल लावा, मधला कन्व्हर्टर काढा. प्रोजेक्टर किंवा दुसरा स्क्रीन जोडलेला असेल तर तोही काढून पाहा.

मग ब्राउझर. क्रोम अपडेट करून पूर्ण बंद करा आणि पुन्हा उघडा. फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये डीआरएमच्या पर्यायावर टिक आहे ना, ते बघा. तरी काळंच दिसलं तर क्रोमच्या सेटिंगमधल्या 'सिस्टम' भागात, चित्राचं काम ग्राफिक्स चिपकडे सोपवणारं ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन तात्पुरतं बंद करा. लगेच चित्र आलं तर दोष ग्राफिक्स ड्रायव्हरकडे, म्हणजे ती चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, असण्याची शक्यता मोठी. तो कंपनीच्या साइटवरून नवा घाला आणि अ‍ॅक्सिलरेशन परत चालू करा. विंडोज ७ वाल्यांची अडचण वेगळी आहे: त्यांच्यासाठी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ ची. तिथे आम्ही विंडोज बदलायलाच सांगतो.

स्क्रीन रेकॉर्डर चालू असला तरी चित्र काळं होऊ शकतं. आम्ही दुरून तुमच्या मशीनला जोडलो की आम्हालाही बऱ्याचदा काळंच दिसतं, म्हणून फोनवर "तुम्हाला काय दिसतंय?" असं पुन्हा पुन्हा विचारतो.

घड्याळही तपासा. रात्री मेन स्विच बंद केल्यावर सकाळी तारीख काही वर्षं मागे गेलेली दिसते का? मग मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, संपलाय. डीआरएमचं कुलूप उघडणाऱ्या परवान्याची मुदत तारखेवरून ठरते. तारीख चुकली की परवाना नाकारला जातो.

डीव्हीडीबद्दल मात्र हात जोडून सांगणं आहे. डिस्क कुठल्या भागात चालावी याचा नंबर म्हणजे रीजन: भारताचा रीजन ५, अमेरिकेचा १. मुलाने तिकडून पाठवलेली डिस्क घातली की कॉम्प्युटर विचारतो, "रीजन बदलू का?" लगेच 'हो' म्हणू नका. ड्राइव्हचा रीजन फक्त पाच वेळा बदलता येतो. पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा, फॉरमॅट मारूनही सुटत नाही. किती संधी उरल्यात ते डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये दिसतं. आणि विंडोज १० मध्ये मुळात डीव्हीडी चालवणारा प्लेअरच नसतो, तो वेगळा घालावा लागतो. कित्येकदा 'ड्राइव्ह गेला' म्हणतात ते एवढंच असतं.

कुलूप तोडणारी सॉफ्टवेअरं आम्ही इन्स्टॉल करून देत नाही. हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडणं २०१२ च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५अ खाली गुन्हा आहे. शिवाय 'फुकट कोडेक'च्या (व्हिडिओ चालवायला लागणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) नावाखाली व्हायरस शिरलेली मशीनं आमच्या टेबलावर येत असतात.

एवढं करूनही जमलं नाही तर सीपीयूबरोबर तुमची नेहमीची केबल आणि अडणारी डिस्क घेऊन या. पडद्यावर आलेल्या एररचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, त्यातला नंबर स्पष्ट दिसू द्या.