पेरभर मलम

डिसेंबरात सांगलीची हवा कोरडी झाली, की माझ्या भाचीच्या गुडघ्यांमागचे चट्टे पुन्हा लाल होतात. पोर अडीच वर्षांची. झोपेतच खाजवते, सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके. यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. आई म्हणते, "डॉक्टरांच्या मलमात स्टेरॉइड आहे, नको. हळद लावा." दाजींनी तर डॉक्टरांकडे जायच्या आधीच मेडिकलमधून एक ट्यूब आणली होती, कुणाला तरी गुण आला म्हणून.

हा इसब. सारवलेली जमीन वाळली की भेगाळते, तसं या मुलांच्या कातडीचं होतं. वरच्या थरातल्या फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनापासून बनणारे घटक पाणी धरून ठेवतात. इसब असलेल्या बऱ्याच मुलांमध्ये या प्रथिनाचं जनुकच सदोष असतं, हे 2006 मध्ये कळलं. मग आतली ओल उडते, बाहेरची धूळ, साबण, जंतू आत शिरतात, अंगातली संरक्षण यंत्रणा खवळते आणि खाज सुटते. खाजवलं की भेगा आणखी वाढतात. भेगा बुजवायला मॉइश्चरायझर, तेही आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच, सढळ हाताने. (डाळीच्या पिठाने घासणं या मुलांना सोसत नाही.) हळदीबद्दल सांगलीत राहून वाईट बोलायची माझी हिंमत नाही, 2018 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण फुटलेल्या कातडीवर ती झोंबते, आणि काहींना तिचीच ॲलर्जी असते.

आतली आग विझवायचं काम स्टेरॉइडचं. हायड्रोकॉर्टिसोनचं मलम इसबावर चालतं, हे 1952 मध्ये अमेरिकेत सल्झबर्गर आणि विटन या डॉक्टरांनी दाखवलं. मात्र 'स्टेरॉइड' हा एकच शब्द फसवतो. हायड्रोकॉर्टिसोन सौम्य, तर क्लोबेटासोल एकदम जहाल. दाजींच्या ट्यूबमध्ये नेमकं क्लोबेटासोल, सोबत एक प्रतिजैविक आणि एक बुरशीनाशक. लहान मुलांचं वजन कमी आणि त्या मानाने कातडी जास्त, त्यामुळे औषध रक्तातही जास्त उतरतं. पापण्या, जांघा इथली कातडी पातळ, त्यात वरून डायपर असला तर मलम अजूनच मुरतं. जहाल मलम महिनोन्महिने लावलं तर कातडी कागदासारखी होते, वाढही खुंटू शकते. आईची भीती खोटी नव्हती, फक्त चुकीच्या ट्यूबवर बसली होती.

या भीतीपोटीच आम्ही डॉक्टरांनी दिलेलं सौम्य मलम बोट टेकवल्यासारखं लावत होतो. दोन दिवसांत लाली उतरली की बंद, आठवड्याने पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ट्यूब किती दिवस पुरली?" गणपतीत आणलेली ट्यूब संक्रांतीला अर्धीसुद्धा संपली नव्हती. मग त्यांनी माप दाखवलं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून पहिल्या सांध्यापर्यंत, मलमाची एक रेघ काढायची. ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि मोठ्या माणसाच्या दोन हातांच्या पंज्यांएवढ्या जागेला पुरते. म्हणजे 15 ग्रॅमच्या ट्यूबमध्ये अशी 30 पेरं. बोट लावणाऱ्याचं मोजायचं, पोराचं नाही.

पापण्यांसाठी त्यांनी टॅक्रोलिमस हे स्टेरॉइड नसलेलं मलम दिलं, दोन वर्षांवरच्या मुलांचं 0.03 टक्क्यांचं. हे औषध 1984 मध्ये जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या एका जीवाणूत सापडलं. त्याने कातडी पातळ होत नाही, पण पहिले काही दिवस चुरचुरतं, आणि त्या चार रात्री घरात कुणीच झोपलं नाही. चट्टे गेल्यावरही ते आठवड्यातून दोनदा लावायला सांगितलंय, कारण वरून कातडी साफ दिसली तरी आत धग शिल्लक असते.

स्टेरॉइडची 14 मलमं चिठ्ठीशिवाय विकायला 2018 मध्ये बंदी आली, तरी दाजींना ती ट्यूब नुसत्या नावावर मिळाली होती. अशी ट्यूब नायट्यावर लावली की खाज थांबते आणि खाली बुरशी निवांत पसरते. हे सगळं मी त्यांना समजावून सांगितलं आणि म्हटलं, आता टाका ती. त्यांनी झाकण घट्ट लावून ट्यूब पुन्हा कपाटात ठेवली. "राहू दे की. नायट्याला होईल."