जुन्या संगणकाच्या एसएमपीएसची तपासणी व दुरुस्ती

आयबीएमची पीसी-एटी १९८४ साली आली. तेव्हापासून इंटेलने १९९५मध्ये एटीएक्स ही मदरबोर्ड व वीजपुरवठ्याची नवी मांडणी आणेपर्यंतच्या पीसींमधला वीजपुरवठा कारागिरांच्या बोलीत नुसता ‘एसएमपीएस’ (स्विच्ड मोड पॉवर सप्लाय) असतो. २३० व्होल्ट एसीपासून तो +५, +१२, −५ आणि −१२ व्होल्ट डीसी तयार करतो.

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून वर. तापमान १० अंशांनी वाढले की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे (वीज साठवणाऱ्या, आत द्राव असलेल्या डबीचे) आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. म्हणून खानदेशात माळ्यावरून उतरवलेल्या यंत्रात पहिला संशय कपॅसिटरवरच घ्यावा. माथा फुगला नाही म्हणजे कपॅसिटर शाबूत, असे नव्हे. आतून सुकलेला बाहेरून नवाच दिसतो. जिनिंगच्या परिसरातल्या यंत्रांत पंख्याला रुई चिकटून हवा कोंडते. मेलेल्या पालीही निघतात.

प्लग काढल्यावरही मुख्य कपॅसिटरच्या जोडीवर सुमारे ३२५ व्होल्ट उरू शकतात. दोन्ही कपॅसिटर २.२ किलोओहम, १० वॅटच्या रेझिस्टरने (विरोधकाने) विजेपासून रिकामे करून मीटरवर खात्री करावी. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नयेत. मागचा ११५/२३०चा खटका २३०वरच हवा. ११५वर राहिला तर २०० व्होल्टच्या प्रत्येक कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट येतात आणि तो फुटतो.

काचेचा फ्यूज आतून काळा पडला असेल तर नुसता फ्यूज बदलणे व्यर्थ. ब्रिज रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा भाग) किंवा वीज वेगाने चालू-बंद करणारा स्विचिंग ट्रान्झिस्टर (बहुधा १३००७ क्रमांकाचा) शॉर्ट असतो. दुरुस्तीनंतर पहिली वीज १०० वॅटच्या सिरीज बल्बमधूनच (एसएमपीएसच्या वाटेत जोडलेल्या बल्बमधून) द्यावी. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, भगभगीत राहिला तर शॉर्ट कायम. इथे एलईडी बल्ब चालत नाही, पिवळा तारेचाच लागतो.

लोडशिवाय (वीज ओढणारे काही जोडल्याशिवाय) जुना एटी एसएमपीएस बहुधा सुरूच होत नाही. तांबड्या (+५) आणि काळ्या (० व्होल्ट) तारेत ४.७ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर जोडला की साधारण १ अँपिअर वाहतो. रेझिस्टर चटका बसेल इतका तापतो, फरशीवर ठेवावा. तांबड्या तारेवर ४.७५ ते ५.२५, पिवळ्या (+१२) तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट मिळावेत. वीज ठीक असल्याचा इशारा बोर्डाला देणाऱ्या केशरी ‘पॉवर गुड’ तारेवर ५ व्होल्ट आले नाहीत तर पंखा फिरतो, पण पडदा काळाच. रेझिस्टरवर नीट चालणारा एसएमपीएस मदरबोर्ड जोडताच झटका देऊन थांबला, तर दोष बहुतेक बोर्डवरच्या शॉर्ट झालेल्या टँटलम कपॅसिटरचा. बोर्डवर एसएमपीएसचे पी-८ आणि पी-९ हे दोन कनेक्टर लावताना काळ्या तारा मध्यभागी शेजारी-शेजारी याव्यात. अदलाबदल झाली तर बोर्ड जातो.

डब्याला हात लावताच झिणझिण्या येणे ही गावाकडची नेहमीची तक्रार. वीजवाटेतल्या खरखरीला अडवणाऱ्या फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर अर्थिंगला जोडलेले असतात. अर्थिंगच नसेल तर डब्यावर ११५ व्होल्टच्या आसपास दाब दिसतो. अशा वेळी एसएमपीएस उघडण्याआधी तीन पिनांच्या सॉकेटमागे अर्थिंगची तार खरोखर आली आहे का, ते पाहावे.