मध आणि आतड्यांतील जिवाणू : शंकेपासून सुरू झालेले संशोधन

मधाचा औषधी उपयोग फार जुना आहे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० मधील एका इजिप्शियन पपायरसात जखमेवर मध आणि चरबी बांधण्याची कृती सापडते, आणि सुश्रुतसंहितेतही मधाचे प्रकार व गुण सांगितले आहेत. प्रयोगशाळेतील पहिली नोंद मात्र १८९२ ची, व्हॅन केटेल या डच संशोधकाची. आतड्यांतील जिवाणूंचा प्रश्न त्यानंतर आला, तोही उलट्या बाजूने.

अमेरिकेतील कोलोरॅडोच्या कृषी प्रयोग केंद्राचे जिवाणुशास्त्रज्ञ वॉल्टर सॅकेट १९१९ मध्ये मधाचे गुण नव्हे, तर त्याचा धोका तपासत होते. मधातून विषमज्वर किंवा आमांश पसरू शकतो का, ही त्यांची शंका होती. त्यांनी हे जिवाणू मुद्दाम मधात मिसळले, तेव्हा आमांशाचे जिवाणू दहा तासांत आणि विषमज्वराचे अठ्ठेचाळीस तासांत नष्ट झाले. शंका फिटली, पण एक कोडे उरले. थोडे पाणी घालून पातळ केलेला मध निव्वळ मधापेक्षा अधिक मारक ठरत होता. साखरेच्या दाटपणामुळे जिवाणूंमधील पाणी ओढले जाते एवढेच कारण असते, तर पातळ मध दुबळा ठरायला हवा होता.

१९३७ मध्ये डोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अज्ञात घटकाला ‘इन्हिबिन’ असे नाव दिले. नाव मिळाले, उलगडा झाला नाही. तो १९६३ मध्ये जोनाथन व्हाइट आणि सहकाऱ्यांनी केला. मधमाशी मधात ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर मिसळते. दाट मधात ते जवळजवळ निष्क्रिय असते, पाणी मिळताच जागे होते आणि ग्लुकोजपासून ग्लुकॉनिक आम्ल व हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. जिवाणू वाढवलेल्या बशीतील खळग्यात पातळ मध टाकला की त्याभोवती स्वच्छ कडे उमटते; त्याच मधात पेरॉक्साइडचे विघटन करणारे कॅटलेज घातले, तर बहुतेक मधांभोवती ते कडे उमटतच नाही. न्यूझीलंडच्या मानुका मधाभोवती मात्र कडे तरीही उमटते. पीटर मोलन यांनी वायकाटो विद्यापीठात वर्षानुवर्षे अभ्यासलेल्या या अपवादामागे मिथाइलग्लायॉक्साल हे रसायन आहे, हे २००८ मध्ये सिद्ध झाले.

बशीतून रुग्णाकडे जाताना वाट अवघड होते, कारण आतड्यात मध पचतो, आणखी पातळ होतो आणि ऊतींमधील कॅटलेजही त्याच्या वाटेत असते. म्हणूनच १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेली दक्षिण आफ्रिकेतील चाचणी मला महत्त्वाची वाटते. हफेजी आणि मूसा यांनी जठरांत्रदाहाने आजारी असलेल्या १६९ मुलांपैकी काहींच्या जलसंजीवनीत ग्लुकोजऐवजी मध वापरला. जिवाणूजन्य अतिसार लवकर थांबला, इतर कारणांच्या अतिसाराचा कालावधी मात्र घटला नाही. अर्थात, एका चाचणीवरून उपचारपद्धती ठरत नाही.

त्या मुलांमध्ये तान्ही बाळेही होती, आणि आज अशी चाचणी त्याच रीतीने घेता येणार नाही. १९७६ मध्ये ओळखल्या गेलेल्या अर्भकांमधील बॉट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूंच्या विषामुळे स्नायू लुळे पडण्याच्या आजाराचा, मधाशी असलेला संबंध आता पक्का झाला आहे: ज्या मधात आमांशाचा जिवाणू दहा तास टिकत नाही, त्यात बॉट्युलिझमच्या जिवाणूचे बीजाणू सुखरूप राहतात आणि बाळाच्या अपरिपक्व आतड्यात रुजून विष तयार करू शकतात. त्यामुळे एक वर्षाखालील बाळाला मध चाटवूही नये, असे डॉक्टर सांगतात.