चालू व्हीएम हलवताना बदललेल्या पानांचा हिशेब कोणी ठेवायचा?

हिंजवडी-खराडीत रात्रपाळी करणाऱ्या कुठल्याही इन्फ्रा टीमला 'होस्ट रिकामा कर' हे वाक्य नवीन नाही. पॅच टाकायचा असतो किंवा रॅमची स्टिक बदलायची असते. मग त्या होस्टवरच्या, म्हणजे त्या सर्व्हरवरच्या, व्हीएम (सॉफ्टवेअरने उभे केलेले आभासी संगणक) बंद न करता शेजारच्या होस्टवर हलवायच्या. बहुतेक मिनिटाभरात जातात, कुणाला पत्ताही लागत नाही. एखादी मात्र अडून बसते. एखाद्या सहकारी बँकेचा डे-एंड (दिवसअखेरची हिशेबबंदी) चालू असताना तिच्या डेटाबेसची व्हीएम हलवायला घ्या. स्क्रीनवर 'रिमेनिंग रॅम'चा आकडा खाली येतो, पुन्हा वर चढतो, पुन्हा खाली येतो. मग कुणीतरी म्हणतं, 'कन्व्हर्ज होत नाहीये, थांबव.' म्हणजे उरलेलं संपतच नाहीये.

का होत नाही, ते साध्या गणितात दिसतं. रॅम ठरावीक मापाच्या तुकड्यांत, म्हणजे पानांत, विभागलेली असते. 64 जीबी रॅम म्हणजे 4 केबीची 1,67,77,216 पानं. 10 गिगाबिटच्या लिंकवरून सेकंदाला फार तर सव्वा जीबी जातं, म्हणजे सगळी रॅम एकदा पाठवायच्या पहिल्या फेरीलाच पन्नास-पंचावन्न सेकंद लागतात. तेवढ्या वेळात व्हीएम लिहीत राहिलेली असते, आणि बदललेली पानं पुढच्या फेरीत पुन्हा पाठवावी लागतात. ती सेकंदाला चार लाख वेगवेगळी पानं बदलत असेल, तर ते दीड जीबीच्या वर गेलं. लिंकच्या वेगापेक्षा जास्त. फेऱ्या कितीही मारा, शेपूट संपणार नाही. तुळशीबागेतल्या दुकानात गिऱ्हाईक चालू ठेवून मालाची मोजदाद करायची, तसंच हे: मोजून झालेल्या फडताळातून पुन्हा काय काय गेलं, ते कुणीतरी टिपत राहिलं पाहिजे.

फेऱ्याफेऱ्यांनी कॉपी करायची युक्ती आजची नाही, क्लाउडचीही नाही. ती 1985 ची. स्टॅनफर्डला थायमर, लँट्झ आणि चेरिटन यांनी व्ही-सिस्टिम या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ती वापरली. तेव्हा प्रश्न व्हीएमचा नव्हता. सहकाऱ्याचं वर्कस्टेशन रिकामं दिसलं की आपला प्रोग्रॅम तिकडे चालवायचा, आणि मालक परत आला की गपचूप दुसरीकडे न्यायचा, एवढंच. त्या काळच्या नेटवर्कवर एक मेगाबाइट हलवायला तीन सेकंद लागत. तेवढा वेळ प्रोग्रॅम गोठवणं परवडेना, म्हणून तो चालू ठेवूनच सगळी मेमरी एकदा पाठवायची, मग दरम्यान बदललेली पानं, आणि थोडंसं उरलं की गोठवून शेवटचा घास. त्यांच्या मोजमापात शेवटी अर्धा ते सत्तर किलोबाइट उरायचे, म्हणजे 5 ते 210 मिलिसेकंदांचा थांबा. आज आपण जे बटण दाबतो, त्यामागे मूळ पद्धत तीच आहे. चाळीस वर्षांत खरी मेहनत गेली ती टिपणीवर: कुठलं पान बदललं हे कोणी लिहून ठेवायचं आणि त्याचा खर्च कोणाच्या माथी मारायचा.

पान बदललं की खूण करणारा बिट त्याआधीही होता. आयबीएमच्या सिस्टिम/360 मॉडेल 67 मध्ये 'चेंज बिट' होता, तो साठच्या दशकातला. 1985 मध्येच आलेल्या इंटेल 80386 च्या पेज टेबलातही (कुठलं पान रॅममध्ये कुठे आहे त्याची यादी) असाच डर्टी बिट होता. पण त्याचं काम वेगळं होतं. रॅममधून पान काढताना ते डिस्कवर परत लिहायचं की तसंच टाकून द्यायचं, एवढं ऑपरेटिंग सिस्टिमला कळावं म्हणून तो ठेवलेला. व्ही-सिस्टिमचं कर्नल, म्हणजे तिचा गाभा, स्वतःच त्या टेबलाचं मालक होतं, म्हणून त्याचं भागलं. व्हीएममध्ये मात्र तो बिट गेस्टचा, म्हणजे आत चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा. हायपरव्हायझरने, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, तो परस्पर पुसला, तर गेस्टला वाटणार पान बदललंच नाही, आणि डेटा गेला. त्यामुळे हायपरव्हायझरला स्वतःची वेगळी वही उघडावी लागली.

व्हीएमवेअरने चालू व्हीएम हलवणारं व्हीमोशन 2003 मध्ये बाजारात आणलं. ती वही आतून कशी लिहिली जाते, ते उघडपणे आणि तपशिलात 2005 मध्ये केंब्रिज-कोपनहेगनच्या झेन या हायपरव्हायझरवाल्यांनी एका पेपरात मांडलं. स्थलांतर सुरू झालं की झेन गेस्टच्या पेज टेबलांच्या सावली-प्रती, म्हणजे शॅडो पेज टेबलं, तयार करायचं आणि त्यातलं प्रत्येक पान फक्त वाचण्यापुरतं खुलं ठेवायचं. गेस्टने लिहायचा प्रयत्न केला की फॉल्ट, म्हणजे गेस्ट अडतो आणि ताबा झेनकडे जातो. झेन त्या पानाचा बिट बिटमॅपमध्ये (दर पानाला एक बिट अशा यादीत) लावणार, लिहायची मुभा देणार आणि बाजूला होणार. फेरी संपली की बिटमॅप कोरा, सावली-टेबलं रद्द, पुन्हा पहिल्यापासून. सहा खेळाडू खेळत असलेला क्वेक 3 चा सर्व्हर त्यांनी असा हलवला आणि थांबा होता 60 मिलिसेकंदांचा.

त्या पेपरातल्या दोन गोष्टी मला मुख्य आकड्यापेक्षा जास्त आवडतात. एक: जे पान याच फेरीत पुन्हा बदललेलं दिसतंय, ते आत्ता पाठवूच नका, नाहीतरी परत पाठवावं लागणार. दोन: वेड्यासारखं लिहीत सुटलेल्या प्रोसेसला 40 राइट फॉल्ट झाले की रांगेत बसवा. नेटवर्क वाढवता येत नसेल तर लिहिणाऱ्याचा हात धरायचा, हा विचार तिथे होताच. क्यूएमू या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 2013 च्या सुमारास आलेलं 'ऑटो-कन्व्हर्ज' हे त्याचंच रांगडं रूप. ते अपराधी प्रोसेस शोधत बसत नाही, सगळ्या व्हीसीपीयूंचाच (व्हीएमच्या आभासी प्रोसेसरांचा) वेग कापतं. डे-एंड रेंगाळला म्हणून बँकेतून फोन आला, तर आधी हे चालू आहे का ते बघावं.

लिनक्सचं स्वतःचं हायपरव्हायझर केव्हीएम 2007 मध्ये लिनक्स 2.6.20 बरोबर आलं. पुढे इंटेलच्या ईपीटी या सोयीने पत्त्याच्या भाषांतराची दुसरी पायरी (गेस्टच्या पत्त्यावरून खऱ्या रॅमचा पत्ता काढणं) हार्डवेअरमध्ये नेली आणि सावली-टेबलांची गरज संपली. पण सुरुवातीच्या ईपीटीत डर्टी बिटच नव्हता. तो 2013 च्या हॅसवेल प्रोसेसरांमध्ये आला. तोवर जुनाच उपाय: पानं लिहायला बंद करा आणि फॉल्टची वाट बघा. त्यात ह्यूज पेजची भर. 2 एमबीच्या पानात एक बाइट बदलली तरी अख्खे 2 एमबी परत पाठवायचे का? नको, म्हणून ट्रॅकिंगच्या काळात ती 4 केबीच्या 512 तुकड्यांत फोडतात. स्थलांतर सुरू होताच, एकही पान पुन्हा पाठवायच्या आधी, व्हीएम मंद झालेली दिसते, त्याचं एक कारण हे.

हॅसवेलनंतरच्या ब्रॉडवेलपासून प्रोसेसरने लेखनिकाचं काम स्वतःकडे घेतलं. पेज मॉडिफिकेशन लॉगिंगमध्ये डर्टी बिट शून्यावरून एकवर गेला, की सीपीयू त्या पानाचा पत्ता 512 नोंदींच्या लॉगमध्ये टाकतो; लॉग भरला की मगच हायपरव्हायझरला जाग. प्रत्येक पानामागे एक फॉल्ट होता, तिथे पाचशे बारा पानांमागे एक खेप. लिनक्समध्ये हे 2015 च्या 4.0 पासून आहे.

तरी वही बिटमॅपचीच राहिली, आणि बिटमॅपचा खर्च बदललेल्या पानांवर नाही, एकूण रॅमवर ठरतो. 1 टीबीच्या व्हीएमला 32 एमबीचा बिटमॅप, आणि दोनशे पानं बदलली असली तरी तो अख्खा चाळायचा. 2021 च्या लिनक्स 5.11 मधल्या डर्टी रिंगने हे उलटवलं: दर व्हीसीपीयूला एक रिंग, बदललेल्या पानांची नावं तेवढी तिच्यात. रिंग भरली की तोच व्हीसीपीयू थांबतो. म्हणजे जो लिहितो त्यालाच चाप, बाकीचे मोकळे. झेनवाल्यांच्या चाळीस फॉल्टच्या मर्यादेशी हे नातं सांगतं.

टिपणीच नको, असं म्हणणाराही एक पंथ आहे. कार्नेगी मेलनच्या अ‍ॅक्सेंट या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये झायसने 1987 मध्ये आधी प्रोसेस हलवली आणि पानं लागतील तशी मागवली. लिनक्स 4.3 मध्ये यूजरफॉल्टएफडी (न आलेलं पान प्रोग्रॅमलाच आणून देऊ देणारी सोय) आल्यावर क्यूएमूने 2015 मध्ये हीच पोस्ट-कॉपी दिली. प्रत्येक पान एकदाच जातं, कन्व्हर्ज व्हायचा प्रश्नच नाही. पण मध्येच मूळ होस्ट मेला तर व्हीएमची अर्धी मेमरी इकडे, अर्धी तिकडे. बँकेच्या डेटाबेससाठी याला मंजुरी कोण देणार?

राहिली उपकरणं. थेट व्हीएमला जोडलेलं नेटवर्क कार्ड किंवा जीपीयू डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला वगळून थेट, मेमरीत लिहितं, ते ईपीटीच्या वाटेने जातच नाही, म्हणून वर सांगितलेली एकही वही त्याची नोंद ठेवत नाही. बराच काळ यावर उत्तर म्हणजे उपकरणाने धरून ठेवलेली सगळी पानं बदललेलीच समजायची. उपकरण सगळी रॅम धरून असेल तर प्रत्येक फेरी पहिल्या फेरीएवढीच मोठी. आयओएमएमयूच्या (उपकरणांसाठी मेमरीचे पत्ते भाषांतरित करणाऱ्या हार्डवेअरच्या) टेबलात डर्टी बिट ठेवून तो वाचायची सोय जानेवारी 2024 च्या लिनक्स 6.7 मध्ये आली, आणि तीही प्रोसेसर तेवढा नवा असेल तरच. जुन्या होस्टवर जीपीयूवाली व्हीएम असेल, तर अजूनही डाउनटाइमची वेळ ठरवून ती बंदच करावी लागते.