व्हॅक्यूम सीलर, घरगुती

व्हॅक्यूम सीलर, घरगुती : अन्न भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतली हवा पंपाने काढून पिशवीचे तोंड उष्णतेने कायमचे बंद करणारे यंत्र. ‘निर्वात वेष्टन यंत्र’ असा मराठी शब्द आहे, पण तो पाठ्यपुस्तकातच राहिला. बोलताना सगळे व्हॅक्यूम सीलरच म्हणतात. पिशवीचे तोंड आत सरकवून झाकण दाबले की पंप घरघरू लागतो, पिशवी पदार्थाला आवळत जाते, आवाज जड होत जातो आणि शेवटी तार तापून काही सेकंदांत तोंड वितळून बंद होते.

हे यंत्र विकले जाते पंपाच्या आकड्यांवर आणि निकामी होते बहुधा दुसऱ्याच कारणाने. गॅस्केट (झाकणाची फट हवाबंद करणारी मऊ पट्टी) दबून जाते, तापणाऱ्या तारेवरची पट्टी जळते किंवा पंपात पाणी शिरते. यांतल्या पहिल्या दोन वस्तू तळहातावर मावतील एवढ्या असतात. त्या बदलता येतात की नाही, यावर यंत्र दोन वर्षे चालणार की दहा, हे ठरते.

दाबाचे गणित : यंत्र हवा ओढते असे आपण म्हणतो, पिशवी आवळते ती मात्र बाहेरच्या हवेच्या रेट्याने. समुद्रसपाटीला हा दाब १,०१३ मिलिबार, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण १ किलो असतो. १६५७ साली ओटो फोन गेरिके या जर्मन संशोधकाने माग्डेबुर्ग शहरात तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांना लावून आतली हवा काढली, तेव्हा घोड्यांच्या दोन तुकड्यांनाही ते सुटेनात. स्वयंपाकघरातल्या पिशवीवर तोच जोर काम करतो. २० × २५ सेंमी. पिशवीत आत-बाहेरच्या दाबात ८०० मिलिबारचा फरक पडला, तर पिशवीच्या एका बाजूवर पसरलेला भार ४०० किलोंच्या घरात जातो. पाव चपटा होतो, हाडाचे टोक पिशवी फोडते, ते यामुळेच.

खोक्यावर छापलेला −६० ते −८५ किलोपास्कल (१ किलोपास्कल म्हणजे १० मिलिबार) हा आकडा नीट समजून घ्यावा. −८० म्हणजे एकूण दाबाच्या जवळपास चार पंचमांश दाब कमी झाला, एक पंचमांश उरला. काचेच्या बरणीत हा हिशेब तसाच लागू पडतो: मूळच्या हवेचा पाचवा हिस्सा आतच राहतो. पिशवीत तसे होत नाही. पिशवी पदार्थाला चिकटली की हवेला राहायला जागाच उरत नाही, आणि जी थोडी उरते ती दाणेदार किंवा पोकळ्या असलेल्या पदार्थाच्या फटींत असते. म्हणून मांसाच्या सपाट तुकड्यासाठी −७० चे यंत्र आणि −८५ चे यंत्र यांत फारसा फरक जाणवत नाही. शिवाय उंचावरच्या गावी हवाच विरळ असते. १,५०० मीटरवर एकूण दाब ८५० मिलिबारच्याही थोडा खाली असल्याने −८५ गाठणे कुठल्याच पंपाला शक्य नाही. असे यंत्र बिघडलेले समजून परत करणारे लोक आहेत.

पूर्वपीठिका : मांस आणि चीज उद्योगात ही पद्धत विसाव्या शतकाच्या मध्याला रुजली. १९६३ साली जर्मनीत सुरू झालेल्या बुश कंपनीने खास अन्नवेष्टनासाठी पंप काढला आणि कारखान्यांतला वापर वाढला. १९७४ मध्ये फ्रेंच आचारी जॉर्ज प्रालू याने बंद पिशवीत मंद आचेवर शिजवण्याचे तंत्र आणले. ओट्यावर मावेल एवढी यंत्रे १९८० च्या दशकापासून घरांत शिरली.

प्रकार : घरगुती यंत्रांत दोन जाती मुख्य. पहिली चिमट्याची: पिशवी बाहेर, फक्त तिचे तोंड यंत्रात. हलकी, लहान, शंभर-सव्वाशे वॅटची. हवा पिशवीच्या तोंडातूनच बाहेर यायची असल्याने पिशवीची एक बाजू आतून खडबडीत, चौकटी उठवलेली लागते. गुळगुळीत पिशवीचे दोन्ही पदर आधीच एकमेकांना चिकटतात आणि हवा कोंडते. आणि हवेमागून पातळ पदार्थही ओढला जातो, ही या जातीची जुनी खोड.

दुसरी जात पेटीची. पूर्ण पिशवी पेटीत ठेवायची, झाकण लावायचे. पिशवीच्या आत आणि बाहेर दाब एकदमच उतरतो, त्यामुळे रस्सा जागचा हलत नाही आणि साध्या गुळगुळीत पिशव्या चालतात. पेटीत दाब १० मिलिबारच्याही खाली जाऊ शकतो. तिथे एक गंमत घडते. २३ मिलिबारला पाणी २० अंश से. तापमानालाच उकळते, तर ६० अंशांचे गरम सूप २०० मिलिबारच्या आसपासच उसळी घेते. म्हणून पेटीत टाकायचा पदार्थ फ्रिजमधून काढलेला, थंडगार हवा. ३० × ३५ सेंमी. झाकणावर टनभर भार येत असल्याने पेटी दणकट आणि जड असते: लहानात लहान १० किलोंच्या आसपास, तेलाच्या पंपाची २५ किलोंच्याही पुढे. रोज उचलून कपाटात ठेवण्याची ही वस्तू नव्हे. तेलाचा पंप तेल वेळेवर बदलले तर वर्षानुवर्षे चालतो. कोरडा पंप निगा मागत नाही, पण तेवढा टिकतही नाही.

हातपंप आणि झडपेच्या पिशव्या हा तिसरा प्रकार. आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवण्यापुरता ठीक. झडप हळूहळू हवा आत घेतेच.

टिकाऊपणा कशात असतो : झाकण उघडून आत पाहिले की चार गोष्टी दिसतात. एका बाजूला निक्रोम या मिश्रधातूची चपटी तार, तिच्यावर टेफ्लॉन चढवलेल्या काचतंतूच्या कापडाची तपकिरी पट्टी. समोर सिलिकॉन रबराची दांडी. आणि हवेच्या खळग्याभोवती वर-खाली फोमची मऊ गॅस्केट.

सर्वांत आधी मरते ती गॅस्केट. झाकण अडकवूनच यंत्र ठेवले की फोम महिनोन्‌महिने दबून राहतो, त्याला कायमचा खळगा पडतो, आणि मग पंप कितीही धावला तरी फटीतून हवा येत राहते. पंप गेला असे समजून यंत्र टाकून दिले जाते. फोमवर अडकलेला पिठाचा कण किंवा केससुद्धा हेच करतो. काढून साबणाच्या पाण्यात धुता येणारी गॅस्केट असलेले यंत्र म्हणूनच पसंत करावे आणि सुट्या गॅस्केटची जोडी यंत्राबरोबरच घेऊन ठेवावी.

त्यानंतर टेफ्लॉनची पट्टी. तिच्यावर काळपट डाग पडला किंवा सुरकुती आली की सीलवर तीच सुरकुती उमटते. यंत्र बंद करून, थंड होऊ देऊन जुनी पट्टी सोलायची आणि नवी चिकटवायची, एवढेच काम. मात्र काही यंत्रांत तार, पट्टी आणि झाकण एकसंध असते. पट्टी गेली की यंत्र गेले. विकत घेण्याआधी विचारायचा एकच प्रश्न निवडायचा झाला तर तो हा: पट्टी आणि गॅस्केट सुटी मिळते का, आणि कोणत्या क्रमांकाने?

तिसरी गोष्ट उष्णता. पंप आणि तार दोन्ही तापतात, त्यामुळे प्रत्येक पिशवीनंतर वीसएक सेकंद ते मिनिटभर थांबा असे माहितीपत्रकात लिहिलेले असते. ती सूचना कुणी वाचत नाही. एकदम किलोकिलोंनी मांस आणून पाकिटे भरणाऱ्या घराने सलग किती सील करता येतात हा आकडा आधी पाहावा, मग दाबाचा. दोन पिस्टनचा पंप असेल तर हवा लवकर निघते.

सीलची रुंदी हा त्यातल्या त्यात प्रामाणिक आकडा. साध्या यंत्राचा सील २–३ मिमी. असतो, बऱ्या यंत्राचा ५ मिमी. अरुंद सील वाईट नसतो, पण त्याला चूक खपत नाही. मांसाच्या रसाचा एक थेंब आडवा आला तरी तो सीलची सगळी रुंदी पार करून जातो.

बटणांबाबत थोडक्यात. हवा काढणे मध्येच थांबवून सील करण्याचे बटण हवेच हवे, म्हणजे नाजूक पदार्थ चुरडत नाहीत. सीलचा वेळ कमी-जास्त करता यावा. गळलेले पाणी साठवणारी, बाहेर काढून धुता येणारी ताटली असावी. बाकी पडदे, दिवे आणि दहा प्रकारचे ‘मोड’ म्हणजे बिघडायला आणखी जागा.

पिशव्या : यंत्र एकदाच घ्यायचे असते, पिशव्या जन्मभर. हवा अडवणारा थर सहसा नायलॉनचा असतो आणि वितळून चिकटणारा आतला थर पॉलिएथिलीनचा. साधी पॉलिएथिलीनची पिशवी आवळते छान, पण तिच्यातून ऑक्सिजन हळूहळू झिरपतो. जाडी ७५ ते १०० मायक्रॉन. हाडे, कडक पास्ता यांसाठी जाड बाजूची. ज्या यंत्रात फक्त त्याच कंपनीचे रोल चालतात, ते यंत्र स्वस्त असले तरी महाग पडते.

पिशवी भरताना तोंड सदऱ्याच्या बाहीसारखे बाहेर दुमडून घ्यावे, भरून झाल्यावर सरळ करावे. सीलच्या जागी तेल किंवा रस लागत नाही. पिशवीत वर चार बोटे तरी मोकळी सोडावीत. रसाळ पदार्थ तासभर फ्रीझरमध्ये आखडवून मग सील केले तर पंपही वाचतो आणि आकारही राहतो.

सील झाला की तो उजेडात धरून पाहावा. चांगला सील काचेसारखा नितळ, या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग दिसतो. मध्ये पांढुरका बुडबुडा असेल तर तार पुरेशी तापली नव्हती किंवा ओल होती. केसाएवढी बारीक घडी आडवी गेली असेल तर ती हवेची नळीच. आज पिशवी कडक वाटेल, चौथ्या दिवशी सैल पडेल. अशा सीलखाली बोटभर अंतरावर दुसरा सील मारतात.

काय टिकते, काय नाही : हवा काढल्याने बुरशी आणि प्राणवायूवर जगणारे जीवाणू मंदावतात, चरबी खवट होणे लांबते आणि फ्रीझरमध्ये बर्फाचे संप्लवन होऊन, म्हणजे न वितळता थेट वाफ होऊन, पदार्थ पांढुरका, चामट पडतो तो प्रकार टळतो. −१८ अंशांच्या फ्रीझरसाठीच हे यंत्र खरे उपयोगी. आवळलेल्या पिशवीतले लाल मांस जांभळट दिसते. ते नासलेले नसते. मांसाला रंग देणाऱ्या मायोग्लोबिनला ऑक्सिजन मिळत नाही एवढेच. उघडल्यावर थोड्या वेळात रंग परततो.

पण निर्वात म्हणजे निर्जंतुक नव्हे, आणि इथे जाहिराती फारच ढिलेपणाने बोलतात. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूला हवा नकोच असते. त्याचे बीजाणू मातीत सगळीकडे असतात, काही वाण ३ अंशांपासूनच वाढतात आणि त्याच्या विषाला वास येईलच असे नाही. आम्लता कमी, म्हणजे पीएच ४.६ च्या वर, आणि ओलावा पुरेसा असेल तर बंद पिशवी त्याचे घरच. सोललेली कच्ची लसूण आणि ताजी अळंबी पिशवीत आवळून बाहेर ठेवू नयेत. गोठवलेला मासा फ्रिजमध्ये वितळवायचा असेल तर आधी पिशवी कापून उघडी करावी. लिस्टेरिया हा दुसरा रोगकारक जीवाणूही फ्रिजच्या थंडीत, हवा असो वा नसो, वाढतो. जो पदार्थ एरवी फ्रिजमध्ये ठेवावा लागतो, तो सील केल्यावरही फ्रिजमध्येच ठेवायचा.

कोबी-फ्लॉवर कच्चे ठेवले तर वायू सोडून पिशवी फुगवतात. उकळत्या पाण्यातून काढून, निथळून, गोठवावेत. नुकतेच भाजलेले कॉफीचे दाणेही कार्बन डाय-ऑक्साइड सोडून तेच करतात. तिथे मात्र ते निरुपद्रवी असते. मांसाची पिशवी फुगली तर ती न उघडता फेकावी. धान्य आणि सुकामेवा फ्रिजबाहेर चालतो, अट एकच: खडखडीत कोरडा हवा. दीर्घ साठवणुकीच्या धान्यात ओलावा १० टक्क्यांच्या आत धरतात.

यंत्राची चाचणी : नवे यंत्र आणल्यावर पहिल्याच दिवशी एक पिशवी काही न घालता, दुसरी मूठभर धान्य घालून सील करावी. दोन्ही रात्रभर पाण्याच्या पातेल्यात वजनाखाली बुडवून ठेवाव्यात. सकाळी धान्य कोरडे आणि पिशवी विटेसारखी कडक असेल तर यंत्र ठीक. पाणी शिरले असेल तर सील कुठे कच्चा राहिला ते पेनाने खूण करून ठेवावे. कच्चा सील दोनदा त्याच जागी आला तर दोष तारेत किंवा रबरी दांडीत आहे, दरवेळी जागा बदलली तर पिशवीत किंवा हातात. ही तपासणी परतीची मुदत संपायच्या आत उरकावी.