माउस चालतो, मग हार्ड डिस्क का नाही?

मार्चअखेरीला सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात असतात. पोत्यांची तोंडं उघडतात, नमुने या हातातून त्या हातात जातात आणि संध्याकाळपर्यंत टेबल, वह्या, पंख्याची पाती, माणसांच्या भुवया, सगळ्यांवर बारीक पिवळा थर चढतो. तिथल्या एका अडत दुकानात मला बोलावलं होतं. वर्षाच्या हिशेबाचा बॅकअप घ्यायची हार्ड डिस्क लॅपटॉपला लावली की तिचा दिवा लुकलुकायचा, आतून टक् टक् आवाज यायचा आणि स्क्रीनवर काहीच उमटायचं नाही. दुरुस्तीला दाखवलं तेव्हा 'मदरबोर्ड (लॅपटॉपचा मुख्य सर्किट बोर्ड) गेलाय, नवा घाला' असा सल्ला मिळाला होता. दिवाणजींना तो पटला नव्हता. त्यांनी त्याच यूएसबी पोर्टमध्ये, म्हणजे डिस्क लावायच्या खाचेत, माउस लावून दाखवला. म्हणाले, "माउस चालतोय की वो, सर. मग पोर्ट गेला कसा म्हणायचा?"

या प्रश्नातच निम्मं निदान होतं. पोर्ट म्हणजे दिव्याचं बटण नव्हे, की एक तर चालू नाहीतर बंद. वस्तू लावल्यापासून ती स्क्रीनवर दिसेपर्यंतच्या एक-दोन सेकंदांत लॅपटॉप आणि ती वस्तू यांच्यात ठरलेल्या क्रमानं बरीच बोलणी होतात. ती नेमकी कुठं अडली हे कळलं की दोष सापडतो. ते न बघता मदरबोर्ड बदलायला सांगतात तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं, कारण पैसे जातात आणि पुष्कळदा दोष तिथंच राहतो.

यूएसबी ही पद्धत १९९६ साली आली. इंटेलमध्ये ती घडवणाऱ्यांपैकी एक प्रमुख अभियंता अजय भट्ट. त्यांचं पदवीचं शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातलं. त्याआधी कीबोर्डला वेगळा पोर्ट, प्रिंटरला वेगळा, मोडेमला वेगळा, आणि जोडणी करायची तर बऱ्याचदा कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करावा लागे. सगळ्यांना एकच दार ठेवायचं आणि तेही यंत्र चालू असताना उघडं, तर दारात कोण आलंय हे दर वेळी विचारून घेणं आलंच.

नेहमीच्या चपट्या पेनड्राइव्हचं तोंड उजेडात धरून बघा. आत चार सोनेरी पट्ट्या दिसतील. कडेच्या दोन थोड्या लांब, मधल्या दोन थोड्या आखूड. कडेच्या विजेच्या आहेत, एक ५ व्होल्टची आणि एक ग्राउंडची. मधल्या दोन माहितीच्या. लांबी मुद्दाम कमीजास्त ठेवली आहे. पेनड्राइव्ह आत सरकताना आधी वीज जोडली जावी, मग माहितीच्या तारा. माणूस आत आल्यावर आधी पाणी द्यायचं, मग चौकशी करायची, तसं.

आता चौकशी. लॅपटॉपनं माहितीच्या दोन्ही तारा प्रत्येकी १५,००० ओहमच्या रेझिस्टरनं (विजेला ठरावीक अडथळा करणारा भाग, ओहम हे त्याचं माप) खाली, शून्य व्होल्टकडे ओढून धरलेल्या असतात. पोर्ट रिकामा असला की दोन्ही तारा गप्प. वस्तू लावली की ती आपल्याकडच्या १,५०० ओहमच्या रेझिस्टरनं दोनपैकी एक तार वर, ३.३ व्होल्टकडे खेचते. दहापट लहान रेझिस्टर म्हणजे दहापट जोराची ओढ. तार वर जाते आणि लॅपटॉपला कळतं, कुणीतरी कडी वाजवली. कोणती तार वर गेली यावरून आणखी एक गोष्ट कळते. बरेच माउस आणि कीबोर्ड एक तार खेचतात, ती संथ गतीची खूण. पेनड्राइव्ह, हार्ड डिस्क दुसरी खेचतात. एका साध्या रेझिस्टरवर एवढं सगळं चालतं. मी हे पहिल्यांदा शिकलो तेव्हा कितीतरी वेळ त्या आकृतीकडे बघत बसलो होतो.

कडी वाजल्यावर लॅपटॉप दोन्ही तारा क्षणभर खाली दाबतो, म्हणजे वस्तूनं नव्यानं सुरुवात करायची. या वेळी तिचा पत्ता शून्य असतो. लॅपटॉप विचारतो, 'कोण?' वस्तूनं १८ बाइटचं उत्तर द्यायचं. त्यात बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक असतो, त्या मॉडेलचा क्रमांक असतो. मग तिला १ ते १२७ मधला एक पत्ता मिळतो. त्यानंतर ती सांगते, मला एवढी वीज लागेल. तोवर तिला यूएसबी २ मध्ये १०० आणि यूएसबी ३ मध्ये १५० मिलिअँपिअरवर भागवायचं असतं. मंजुरी मिळाली की यूएसबी २ मध्ये ५०० आणि यूएसबी ३ मध्ये ९०० मिलिअँपिअरपर्यंत. शेवटी विंडोज त्या क्रमांकांशी जुळणारा ड्रायव्हर, म्हणजे ती वस्तू चालवणारं सॉफ्टवेअर, शोधतं आणि तो ओळखीचा आवाज येतो.

एवढं ध्यानात आलं की स्क्रीनवरचे संदेश वाचता येतात. 'यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड' असं आलं तर स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि पिवळ्या त्रिकोणाची ओळ शोधा. तिथं 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड', कोड ४३ असं दिसलं तर अर्थ असा की कडी वाजली, पण 'कोण?' विचारल्यावर नीट उत्तर आलं नाही. डिटेल्समध्ये हार्डवेअर आयडी बघितलात तर कंपनीच्या क्रमांकाच्या जागी चार शून्यं दिसतील. ज्याचं नावच कळलं नाही त्याचा ड्रायव्हर शोधणार कुठून? म्हणून अशा वेळी इंटरनेटवरून कसलंही 'ड्रायव्हर दुरुस्त करणारं' सॉफ्टवेअर उतरवू नका. त्यातून दुरुस्ती होत नाही, भलतंच काहीतरी लॅपटॉपमध्ये शिरायची भीती मात्र असते. दोष बहुधा केबलमध्ये, पोर्टच्या संपर्कात किंवा त्या वस्तूतच असतो. याउलट कोड २८ दिसला तर नाव नीट कळलंय, फक्त ड्रायव्हर नाही. तो त्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा. आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पेनड्राइव्ह दिसतोय, पण 'धिस पीसी'मध्ये नाही, तर पोर्टला दोष देऊच नका. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्याला ड्राइव्हचं अक्षर मिळालंय का बघा. तिथं 'फॉरमॅट करू का?' असं विचारलं तर आतला डेटा हवा असल्यास होकार देऊ नका.

काहीच झालं नाही, आवाज नाही, संदेश नाही, नवी ओळ नाही, तर कडीच वाजलेली नाही. म्हणजे वीज पोचत नाही किंवा माहितीची तार तुटलेली आहे. मोबाइलच्या काही स्वस्त केबलमध्ये फक्त विजेच्या दोनच तारा असतात. फोन चार्ज होतो म्हणून केबल चांगली असं आपण धरून चालतो, आणि त्या केबलला माहितीच्या ताराच नसतात.

दिवाणजींचा पोर्ट या दोन्हींच्या मधला होता, आणि तिथंच माझं लक्ष सर्वांत जास्त लागलं. टॉर्च धरून आत पाहिलं तर आतली प्लॅस्टिकची जीभ पिवळी झालेली. हळदीची पूड वीज वाहून नेत नाही, आणि तिच्यात तेलाचा अंश असल्यानं ती साध्या धुळीसारखी झटकून जात नाही, चिकटून बसते. दर वेळी प्लग आत सरकताना ती पट्ट्यांवर आणखी घासून बसते. स्वच्छ धातूला धातू टेकला तर तिथला अडथळा ओहमच्या काही शतांशांइतकाच असतो. मधे असा थर आला आणि तो समजा अर्धा ओहम झाला, तर काय होईल? माउस जेमतेम २० मिलिअँपिअर घेतो. अर्धा ओहम गुणिले ०.०२ अँपिअर, म्हणजे एक शतांश व्होल्टची घट. माउसला पत्ताही लागत नाही. हार्ड डिस्कची मोटर फिरायला सुरुवात करताना १ अँपिअरच्या आसपास ओढते. अर्धा ओहम गुणिले १, म्हणजे अर्धा व्होल्ट वाटेतच गेला. त्यात केबल आपला वाटा घेते. ५ व्होल्टऐवजी साडेचारच्याही खाली मिळाल्यावर मोटर उचल खाते, थांबते, पुन्हा उचल खाते. तोच टक् टक् आवाज. शिवाय संथ माउसचं बोलणं सेकंदाला १५ लाख बिटांचं, आणि यूएसबी २ च्या पेनड्राइव्हचं ४८ कोटी बिटांचं. हळू बोललेलं वाईट तारेतूनही समजतं. भरभर बोललेलं समजत नाही. माउस चालणं ही पोर्ट निर्दोष असल्याची खूण नाही, पण मेला नसल्याची नक्की आहे.

इथं एक कळकळीची सूचना. टक् टक् आवाज डिस्क स्वतः खराब होत असल्याचाही असू शकतो. पुन्हा पुन्हा लावून बघू नका. आधी दुसऱ्या लॅपटॉपला, दुसऱ्या चांगल्या केबलनं एकदाच लावा. तिथं चालली तर सर्वांत आधी डेटा काढून घ्या, पोर्टचं नंतर.

अदलाबदलीची ही रीत कुठल्याही वस्तूला लागू पडते. तीच वस्तू दुसऱ्या पोर्टमध्ये, दुसरी वस्तू त्याच पोर्टमध्ये, तीच वस्तू दुसऱ्या लॅपटॉपवर, आणि दर वेळी एकच गोष्ट बदलायची. मधे एका पोर्टचे अनेक करणारा हब असेल तर तो आधी काढा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये एका बाजूचे पोर्ट थेट मदरबोर्डवर आणि दुसऱ्या बाजूचे वेगळ्या छोट्या पट्टीवर असतात, आणि ती पट्टी एका चपट्या रिबननं मदरबोर्डला जोडलेली असते. एकाच बाजूचे सगळे पोर्ट एकदम बंद पडले तर ती पट्टी आणि रिबन बघायला सांगा. मदरबोर्डच्या मानानं ते काम लहान असतं.

साफसफाई करायची तर लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला. काही लॅपटॉपमध्ये बंद असतानाही एखाद्या पोर्टला फोन चार्ज करण्यापुरती वीज चालू असते, म्हणून निघत असेल तर बॅटरीही काढा. कॅमेऱ्याच्या लेन्सवर मारतात तो रबरी फुगा वापरा. तोंडानं फुंकलं की वाफ जाते. चिकट थरासाठी लाकडी काडीला अगदी थोडा कापूस गुंडाळून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओला करून जिभेवरच्या पट्ट्या हलक्या हातानं पुसा आणि पूर्ण वाळू द्या. सुई, पिन, बाभळीचा काटा यांतलं काही नको. आतल्या पट्ट्या स्प्रिंगसारख्या असतात. एक वाकून शेजारणीला टेकली की शॉर्ट.

तसा शॉर्ट झालाच तर लॅपटॉप त्या पोर्टची वीज तोडतो. 'पॉवर सर्ज' असा संदेश येतो. हे संरक्षण आहे, बिघाड नव्हे. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत अंगावरच्या स्थिर विजेचा झटका बसूनही पोर्ट गोंधळून गप्प होतो. अशा वेळी लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरायचं. आतल्या कपॅसिटरमधला उरलासुरला विद्युतभार निघून जातो आणि पुष्कळदा पोर्ट पुन्हा जागा होतो.

'बंद करून चालू कर' हा सल्ला सगळेच देतात, पण त्यात एक गोम आहे. विंडोज ८ पासून 'शट डाउन' केलं तरी, फास्ट स्टार्टअप चालू असल्यास, विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हरांची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. ड्रायव्हर रात्री गोंधळलेला असेल तर सकाळीही तसाच. 'रीस्टार्ट' मात्र सगळं नव्यानं सुरू करतं. त्यानंही भागलं नाही, तर डिव्हाइस मॅनेजरमधली ती त्रिकोणवाली ओळ अनइन्स्टॉल करून पुन्हा रीस्टार्ट करा. वस्तू आधी चालते आणि थोडा वेळ वापरली नाही की नाहीशी होते, असं असेल तर यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या' या अर्थाची खूण असते, ती काढून बघा. दोष विंडोजचा की तारांचा हे ठरवायला बायोसचा, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रामचा, बूट मेनू कामी येतो. तिथं विंडोज सुरूच झालेलं नसतं. तिथं पेनड्राइव्हचं नाव दिसलं तर पोर्ट आणि तारा ठीक आहेत.

टाइप-सी या छोट्या, गोलसर कडांच्या पोर्टमध्ये २४ संपर्क असतात आणि तिथं ५ व्होल्टही आधी मिळत नाहीत. समोरच्या वस्तूतला ५,१०० ओहमचा रेझिस्टर दिसल्यावरच लॅपटॉप वीज सोडतो. हा प्लग उलटासुलटा कसाही बसतो, म्हणून एका बाजूनं चालत नसेल तर उलटा करून लावा. एका बाजूनंच चालला तर पोर्टमधला एखादा संपर्क मळला किंवा झिजला आहे.

कृष्णाकाठी ओलीचंही बघावं लागतं. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात घरात पाणी शिरलेल्यांचे लॅपटॉप मी पाहिले आहेत. पाण्यातले क्षार, शेजारीशेजारी ५ व्होल्ट आणि ग्राउंड, मग तांब्यावर हिरवट थर चढायला वेळ लागत नाही. भिजलेला लॅपटॉप वाळलाय का बघायला म्हणून चालू करू नये. आधी उघडून साफ करून घ्यावा.

दुकानातला तो पोर्ट चौथ्या कापसानंतर पांढऱ्यावर आला. डिस्क लावली, घरघर सुरू झाली, टक् टक् नाही. प्लग किंचित सैल लागत होता. नेहमीच्या चौकोनी पोर्टनं किमान १,५०० वेळा लावणं-काढणं सोसावं असं मानक सांगतं. दिवसाला चार वेळा धरलं तर वर्षाला १,४६० होतात, आणि हा लॅपटॉप पाच वर्षं जुना. रोजच्या कामासाठी त्या पोर्टला एक आखूड एक्स्टेन्शन केबल कायमची लावून ठेवायला सांगितली, म्हणजे झिजेल ती केबल. बॅकअप चालू झाला तेवढ्यात दिवाणजींनी माझा टॉर्च घेतला आणि उजव्या बाजूच्या पोर्टमध्ये वाकून पाहिलं.

"हितं पण पिवळंच हाय की, सर."